भोंग्याचं तोंड बाहेर

शांतम्मा गेल्याचं वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरींना कळलं ते रविवारी संध्याकाळी, नीटचा पेपर देऊन त्या परत आल्यावर. ती गेली होती शुक्रवारीच. देवणीला भावाच्या घरी, पुतणीच्या हळदीत, बायकांशी बोलता बोलता बसल्या जागी. शनिवारी भावाच्या शेतात तिला माती दिली आणि रविवारी पहिल्या गाडीनं तिचे नवरे भीमाशंकरअप्पा लातूरला परत आले. पोरींना पेपरला जाताना हातावर दही-साखर ठेवायला घरात कोणीतरी पाहिजे होतं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण लातूरच्या ट्यूशन एरियात हा नियमच आहे. पेपरच्या आधी वाईट बातमी सांगायची नाही. कुणाचा आजा जातो, कुणाच्या बापाला दवाखान्यात ठेवतात, कुणाची आई पडते. लेकराला फोनवर सांगायचं, सगळं बरं आहे, तू वाच. मग पेपर सुटला की फाटकाबाहेर न बोलावता मामा आलेला असतो, आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली बघूनच पोरगं काय ते समजतं. शेजारचे जिलानीभाई तर त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. भेटायला येणाऱ्याला ते तिथूनच परत लावत होते. "संध्याकाळी या मामू, पेपर सुटल्यावर. आत्ता रडायला नक्को."

"अम्मा, फिजिक्स सोपं होतं!" असं ओरडत पोरी सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. तिथं अप्पा दुधाचं पातेलं धरून उभे होते. त्यांनी सांगितलं. पोरी रडल्या, पण तोंडात ओढणी धरून, कारण समोरच्या भुजंगरावांच्या अभ्यासिकेत सीईटीवाले बसले होते आणि त्यांचा पेपर व्हायचा होता. सीईटी झाली तोवर दुसरी कुठलीतरी परीक्षा आली. त्या गल्लीत मोठ्यानं रडायला मोकळी तारीख म्हणून मिळाली नाही.

जूनमध्ये जुन्या पोरी गेल्या. उदगीरची सुमय्या तेवढी राहिली, कारण फिजिक्स वाटलं तितकं सोपं नव्हतं आणि तिला पुन्हा बसायचं होतं. नव्या दोघी आल्या. एक चाकूरची, जी जेवायला बोलावलं तरी मान हलवूनच उत्तर द्यायची, आणि दुसरी उज्वला, नांदेडकडच्या उमरीची. उज्वलाला तिची आजी केवळाबाई घेऊन आली होती. घरची दहा-बारा माणसं आणि शेताचा सगळा कारभार ही बाई चालवते, हे तिनं चप्पल काढली त्या पद्धतीवरूनच कळत होतं. तिनं खोली बघितली, संडास बघितला, गच्चीचं कुलूप ओढून बघितलं.

"घरात बाईमाणूस कोण हाय?"

फाटकावर पाटी होती, 'शांतम्मा गर्ल्स रूम्स, घरगुती वातावरण'. अप्पांची नजर तिकडं गेली आणि तोंडातून निघून गेलं, "अम्मा आहे की."

"दिसंना गेल्या त्या?"

"देवणीला गेलीय. भावाकडं."

हे असं एकदा बोललं गेलं. मग चाकूरच्या वडिलांनाही तेच सांगावं लागलं. सुमय्यानं आपल्या घरी तर मे महिन्यापासूनच काही सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं होतं की अब्बांना कळलं, घरात बाई नाही, तर ते दुसऱ्या दिवशी येऊन तिची वळकटी उचलतील आणि उदगीरला अफसाना आपाच्या शिवणक्लासला बसवतील. तेव्हा पोरींनी आपसात ठरवून टाकलं. घरून फोन आला की अम्मा देवणीला, किंवा पूजेला, किंवा आत्ताच झोपली.

अप्पांना हे पटत नव्हतं. पण पोरी गेल्या तर घरात कोण राहणार होतं? ते, फ्रिज, आणि मागच्या भिंतीतली भूकंपातली भेग. वरून पाय आपटल्याचा आवाज आला, कुणी मोठ्यानं सूत्रं पाठ करायला लागलं की अप्पांना जेवण जायचं. वर गप्प झालं की घास हातात राहायचा. आणि श्रावणात पोरी जायची वेळ आली ती भलत्याच कारणानं. नेट चालेना.

म्हणजे चालायचं, पण क्लासची ऑनलाइन टेस्ट उघडली की पडद्यावर यायचं, 'तुमच्या पत्त्यावरून फार लोक आले आहेत, थोड्या वेळानं या'. थोड्या वेळानं जावं तर टेस्ट संपलेली. चाकूरची न बोलणारी पोरगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "अप्पा, समोरच्या अभ्यासिकेत वरती रूम्स आहेत. तिथं टेस्ट नीट होते म्हणतात."

त्याच संध्याकाळी अप्पांनी केबलवाल्यांकडं तक्रार केली. तक्रारीला नंबर मिळाला आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तक्रार सोडवली, सेवा कशी वाटली, तारे द्या. अप्पांनी पुन्हा तक्रार केली. पुन्हा ती सोडवली गेली. अशा बऱ्याच तक्रारी सुटल्यावर केबलवाल्यांचा हरिओम स्वतः आला. हा पोरगा दिवसभर गल्लीतल्या खांबांवर असायचा, त्यामुळं जमिनीवर त्याला जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

"अप्पा, लाइनमध्ये काही नाही. कंपनीनं सगळ्या एरियाला मिळून एकच पत्ता दिलाय. टेस्टवाल्यांना वाटतं एकाच घरातून हजार पोरं घुसून राहिलेत."

"एकच पत्ता? मग आपली उत्तरं आपल्याच घरी कशी येतात?"

हरिओमनं डोकं खाजवलं. इतकी वर्षं तो खांबावर चढत होता, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "येतात. आता एक नवीन पद्धत निघालीय. त्यात प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता. लांबलचक असतो. ते चालू केलं की टेस्टचा प्रॉब्लेम संपला. पण तुमचा डबा, राऊटर, जुना हाय, त्याला ते येत न्हाई."

"मग?"

"घरात जुनं कॉम्प्युटर हाय का? त्यावर एक प्रोग्राम टाकायचा. तो दिसत न्हाई, मागं बसून चालतो. काम एकच. दर थोड्या वेळानं घरातल्या सगळ्या मशीनला ओरडून सांगायचं की रस्ता माझ्याकडून हाय, तुमच्या पत्त्याची सुरुवात अशी-अशी, आणि माझं हे सांगणं इतका वेळ खरं धरा."

अप्पा खुर्चीवरून उठले. "कुणी विचारलं नाही तरी सांगतो?"

"हाव."

"आणि कुणा एकाला नाही, सगळ्यांना?"

"सगळ्यांना. नवीन मशीन आलं आणि त्यानं विचारलं, बाबा रस्ता कुणीकडं, तर त्याला लगेच सांगतो. न्हाईतर आपला ठराविक वेळानं."

अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आधी नांदेडला, मग लातूरला. सगळी नोकरी त्यांनी काचेच्या खोलीत माइकपुढं काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कुणीकडून जाणार, केव्हा सुटणार. भूकंपाच्या वेळी किल्लारीकडच्या गाड्या सांगता सांगता त्यांचा आवाज असा बसला होता की शांतम्मानं पंधरवडाभर त्यांना ज्येष्ठमध चघळायला लावला. आणि आता हा पोरगा सांगत होता की प्रत्येक घराच्या नेटमध्ये एक वाहतूक नियंत्रक लागतो. रिटायर झाल्यापासून इतकी चांगली बातमी त्यांनी ऐकली नव्हती.

पण नवी पद्धत चालू करायला कनेक्शनवाल्याची संमती लागते, आणि कनेक्शन शांतम्माच्या नावावर. अप्पांनी दार लावून तिच्या फोनवरून कॉल सेंटरला फोन लावला. हा फोन ते रोज चार्ज करत. का करतात, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"शांताबाई बोलताय का?" पलीकडून मुलगी म्हणाली.

"हो," अप्पा म्हणाले. फलाटावर शेवटच्या टोकाला उभ्या माणसाला ऐकू जाईल असं.

मुलगी जरा थांबली. "मॅडम, आवाज थोडा जड येतोय."

"सर्दी आहे."

"काळजी घ्या मॅडम. जन्मतारीख सांगता का?"

अप्पांनी सांगितली. फोनवर नंबर आला, तो वाचून दाखवला, संमती झाली. फोन ठेवून त्यांनी तो पुन्हा चार्जिंगला लावला. बायकोची जन्मतारीख मोठ्यानं म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. त्याच्यावर बसलेली धूळ झाडायला जिलानीभाई ब्लोअर घेऊन आले. त्यांचं कूलर-मोटरच्या वाइंडिंगचं दुकान, त्यामुळं तार लागलेल्या कुठल्याही वस्तूवर ते मत देत.

"अप्पा, हे करायलाच नक्को तुम्ही. डबा नवीन घेऊन टाका ना."

"जिलानीभाई, यात गंमत आहे. बघा तरी."

"गंमत कसली? मागं बसून ओरडणारा माणूस घरात आणून ठेवून राहिलेत तुम्ही. आमच्या घरी आहे एक. शहजादीची अम्मी, माझी सासू. दर थोड्या वेळानं सगळ्यांना सांगते, रस्ता माझ्याकडून. कुणी विचारत नाही तरी सांगते."

"आणि ऐकतात का सगळे?"

"ऐकायलाच लागतं!"

कॉम्प्युटरला दोन भोकं होती. एकात गल्लीतून येणारी तार, दुसऱ्यात वर पोरींकडं जाणारी. गल्लीतली तार मागच्या भिंतीच्या भेगेतून आत यायची. भूकंपानंतर शांतम्मा म्हणायची भेग बुजवा, अप्पा म्हणायचे बुजवू. केबल आली तेव्हा हरिओमला भिंतीला भोक पाडावं लागलं नाही आणि अप्पांनी शांतम्माला दाखवून दिलं की कामं लांबवण्यातही फायदा असतो.

सेटिंगची फाइल इंग्रजीत होती. सुमय्या वाचत होती, अप्पा विचारत होते. जीवशास्त्राची टेस्ट जवळ आली होती तरी पोरगी रमली होती, कारण अप्पांचे प्रश्न तिच्या पुस्तकात नव्हते. हे किती वेळानं ओरडतं? आपण ठरवू तितक्या वेळानं, न ठरवलं तर दर काही मिनिटांनी, कधी जरा उशिरानं. सारख्या अंतरानं का नाही? म्हणजे दोघं ओरडणारे असले तर एकाच वेळी ओरडू नयेत. "वा!" अप्पा म्हणाले. नांदेड स्टँडवर फळवाल्यांना त्यांनी हेच जन्मभर सांगितलं होतं. आणि सांगितलेलं किती वेळ खरं धरायचं? अर्धा तास. मग पुन्हा ऐकू आलं तर पुढं, नाही आलं तर विसरायचं.

"आता इथं लिहायचंय," सुमय्या म्हणाली, "कुठल्या बाजूला सांगायचं. आत का बाहेर?"

या ठिकाणी दुसऱ्या कुणीही निमूटपणे 'आत' लिहिलं असतं. कारण मशीन घरात, पोरी घरात. पण अप्पांची नोकरी काचेच्या खोलीत झाली होती. खोलीत ते, माइक आणि चहाचा कप. भोंगे सगळे बाहेर, फलाटाकडं तोंड करून. आत तोंड केलेला भोंगा त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता.

"बाहेर," अप्पा म्हणाले.

"नक्की ना अप्पा?"

"अगं, भोंगा आत तोंड करून कोण लावतं? ऑफिसातल्या माणसाला गाडी सांगायची आहे का?"

सुमय्याला ते पटलं. अप्पांच्या आवाजात सांगितलेलं कुणालाही पटायचं. तिनं बाहेरचं भोक लिहिलं आणि प्रोग्राम चालू केला. तो शनिवार होता, रात्रीच्या जेवणाआधी. रविवारी सकाळी केवळाबाई येणार होती. तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "येऊन बघते. अम्माशी बोलते. न्हाई पटलं तर पोरीला दुसरीकडं टाकते."

रविवारी सकाळी अप्पा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून कॉम्प्युटरपुढं बसले. तारेच्या भोकाजवळचा दिवा इतका भराभर लुकलुकत होता की एकसारखा पेटल्यासारखाच दिसत होता. प्रोग्राम कुणाकुणाची विचारणा आली ते पडद्यावर दाखवतो. ओळींमागून ओळी येत होत्या.

"सुमय्या! अगं बघ, सगळे ऐकून राहिलेत!"

सुमय्या खाली आली, बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. "अप्पा, आपल्याकडं तीन मोबाइल आणि दोन लॅपटॉप आहेत. एवढी मशीनं कुठली?"

अप्पांना त्या क्षणी भीती वाटली नाही. त्यांना फार बरं वाटलं. कुठलीतरी अनोळखी मशीनं त्यांना रस्ता विचारत होती आणि ते सांगत होते. रस्ता अंगणात येऊन संपत होता, कारण बाहेरच्या मशीनला पुढं नेण्याची सोय त्यांनी कुठं केली होती? पण हा विचार डोक्यात यायच्या आत समोरच्या अभ्यासिकेतून आवाज आला. एखादं गाव एकदम ओरडावं तसा.

भुजंगरावांकडं त्या दिवशी मोठी टेस्ट होती. हॉलभर पोरं, प्रत्येकापुढं कॉम्प्युटर. भुजंगराव स्वतः शेतकरी माणूस, चाकूर रोडची जमीन प्लॉटिंगला घालून अभ्यासिका बांधलेली, आणि पोरांच्या मार्कांची फ्लेक्सं गल्लीभर लावणारा. टेस्ट उघडायची, फिरत राहायची, मरायची. सगळ्यांनी आपापल्या मशीनकडं बघितलं, आणि सगळी मशीनं भीमाशंकरअप्पांच्या माळ्यावरून काढलेल्या कॉम्प्युटरकडं बघत होती.

अप्पांनी तेव्हा जे केलं, ते त्यांनी सगळ्या नोकरीत कधी केलं नव्हतं. त्यांनी घाबरून प्लग उपटला.

एसटीत गाडी रद्द झाली तर आधी ती माइकवरून रद्द करायची, हा त्यांचा कायदा. न सांगता गाडी रद्द केली तर माणसं फलाटावर गठुडी धरून बसून राहतात. या प्रोग्रामचंही तसंच होतं. नीट बंद केला असता तर जाता जाता त्यानं सगळ्यांना सांगितलं असतं की आता माझ्याकडून रस्ता नाही, दुसरीकडं बघा. प्लग उपटल्यावर सांगणारं कुणी राहिलं नाही, आणि गल्लीतली सगळी मशीनं शेवटच्या घोषणेवर विश्वास ठेवून अर्धा तास उभी राहिली.

हरिओम खांबावरून खाली उतरला तोवर अप्पांच्या फाटकाशी पोरांची झुंड जमली होती. पुढं भुजंगराव.

"अप्पा, काय करून राहिलेत काय तुम्ही? पोरांचं वर्ष घालवता का? खेळ लावलाय!"

"भुजंगराव, मी रस्ता सांगत होतो…"

"कुणी विचारला तुम्हाला रस्ता?"

याला उत्तर होतं, की या पद्धतीत विचारावंच लागत नाही. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. जिलानीभाई मध्ये पडले. "भुजंगराव, गरम नक्को व्हा. तुमच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्याचं ऐकलंच कसं? घरच्या माणसांना आवर घालता येत नाही का?"

हरिओमनं तेवढ्यात गल्लीची पेटी उघडून बघितली होती. "सरांनी मध्ये राऊटरच लावला न्हाई. सगळी कॉम्प्युटरं डायरेक्ट पेटीत खुपसलीत. म्हणून ऐकलं." भुजंगरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा खांबावर चढायच्या तयारीला लागला. पोरं हसली. भुजंगरावांचा राग दुप्पट झाला आणि तो पुन्हा अप्पांवर आला.

"बंद करून टाका हे कनेक्शन! कुणाच्या नावावर हाय?"

"शांताबाईंच्या," हरिओम म्हणाला. "लगेच बंद करायचं तर त्यांची संमती लागंल. फोनवर नंबर येतो."

"मग बोलवा शांताबाईंना बाहेर!" अम्मा गेलीय हे रागात भुजंगरावांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"हाव, बोलवा की." मागून आवाज आला. केवळाबाई फाटकातून आत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं तिनं पोरांना भाजीच्या पाट्या सारतात तसं बाजूला सारलं. "मी बी अम्मालाच भेटायला आले. तीन खेपा झाल्या माझ्या. दर खेपेला देवणीला. आज हायत का न्हाईत?"

उज्वला जिन्यात उभी होती. तिनं कठडा धरला. सुमय्या तिच्या मागं, आणि चाकूरची त्याच्याही मागं. सगळी गल्ली अप्पांकडं बघत होती. जिलानीभाई कुजबुजले, "अप्पा, पूजेला गेलीय म्हणा."

अप्पांनी तोंड उघडलं. त्यांना हळू सांगायचं होतं, फक्त केवळाबाईला. पण त्यांना अवघड गोष्टी सांगायचा एकच आवाज येत होता, आणि तो बाहेर पडला. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

"शांतम्मा येणार नाही. ती मे महिन्यात वारली. देवणीला. मी पोरींच्या घरी कुणाला सांगितलं नाही."

केवळाबाईच्या हातातून पिशवी खाली आली. शेंगा घरंगळल्या.

"वारल्या?" ती म्हणाली. "मे मधी?"

"हो."

"मी जूनमधी आले तवा?"

"तेव्हा नव्हतीच."

अप्पांना वाटलं, आता ही उज्वलाचा हात धरून चालायला लागणार. केवळाबाई चिडली होती यात शंका नाही. पण ती कशावर चिडली ते अप्पांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"अवो काय माणूस हाव का कोण तुम्ही! मी या घरात तीन खेपा आले. चहा पिले. हसले. पोरीच्या संडासाच्या कडीवर भांडले. ज्या घरातली लक्ष्मी गेली त्या घरात मी एक शब्द बोलले न्हाई! काय म्हनंल ती बाई वरून? उमरीच्या मानसाला रीत न्हाई म्हनंल. सांगायचं न्हाई का वो?"

"पोरी नेल्या असत्या तुम्ही…"

"नेलंच असतं! पर रडून नेलं असतं!"

एवढं बोलून ती पायरीवर बसली, पदर तोंडावर ओढला आणि हेल काढला. उमरीकडं भेटायला गेलेल्या बायका काढतात तसा, शब्दांत गुंफलेला, पहिल्या ओळीलाच अंगावर काटा आणणारा. कशी गं गेलीस माझ्या बाई. न भेटता, न बोलता. उंबऱ्यात लेकीवानी पोरी टाकून. तुझ्या हातची भाकर न खाता मी आले गं, तुझ्या चुलीला इचारलं न्हाई. जिला तिनं एकदाही बघितलं नव्हतं, तिच्या नावानं केवळाबाई रडत होती आणि एक शब्द खोटा वाटत नव्हता.

जिन्यात उज्वलाला रडू फुटलं. मग सुमय्याला, तोंडात ओढणी न धरता. जिलानीभाईंच्या दारातून त्यांची बायको शहजादीभाभी धावत आल्या आणि केवळाबाईच्या शेजारी बसल्या. भांडायला आलेल्या पोरांना काय करावं कळेना. एकानं चप्पल काढली. ते बघून दुसऱ्यानं काढली. भुजंगराव टोपी हातात घेऊन उभे राहिले. त्या सगळ्यांच्या गावाकडच्या घरांत असंच रडतात, त्यामुळं सगळ्यांना आपोआप कळलं की आता बोलायचं नाही, आणि निघूनही जायचं नाही.

अप्पा कठड्याला टेकले. त्या घरात, त्या दारात, शांतम्मासाठी मोठ्यानं रडलेलं ते पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्याही घशातून काहीतरी निघालं. ते माइकवरचं नव्हतं.

हे किती वेळ चाललं ते कुणी बघितलं नाही. पण अर्ध्या तासाहून कमी नसावं, कारण समोरून एक पोरगा दबक्या पावलांनी आला आणि भुजंगरावांच्या कानाशी म्हणाला, "सर, नेट आलं." कुणी काही दुरुस्त केलं नव्हतं. अप्पांनी सांगितलेलं खरं धरायची मुदत संपली आणि मशीनं ते विसरली, इतकंच. भुजंगरावांनी हातानंच त्याला सांगितलं, थांब. केवळाबाईनं पदरानं डोळे पुसेपर्यंत एक पोरगा हलला नाही. मग भुजंगराव अप्पांजवळ आले. "राऊटर लावून घेतो मी," ते म्हणाले, आणि पोरांना घेऊन गेले.

त्या दिवशी केवळाबाईनं चूल पेटवू दिली नाही. शेजारून ताट येतं, ही रीत. ताट जिलानीभाईंकडून आलं. शहजादीभाभींनी शपथ घेऊन सांगितलं की पातेलं कोरं आहे, अंडंसुद्धा लागलेलं नाही. सगळे अंगणात बसून खिचडी आणि आमटी जेवले, हरिओमसुद्धा.

जेवण झाल्यावर अप्पांनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. सुमय्यानं फाइल उघडली आणि 'बाहेर'च्या जागी 'आत' लिहिलं. भोंग्याचं तोंड घराकडं करायला अप्पांना अजूनही चुकल्यासारखं वाटत होतं. प्रोग्राम सुरू झाला. पडद्यावर ओळी आल्या, मोजक्या. तीन मोबाइल, दोन लॅपटॉप. वरून उज्वला ओरडली, "अप्पा, टेस्ट उघडली!"

केवळाबाई पडद्याकडं वाकून बघत होती. "काय म्हनून राहिलंय हे?"

"मी इथं आहे म्हणतंय. रस्ता माझ्याकडून आहे."

"सारखं?"

"सारखं. न सांगता गेलं तर लोक वाट बघत बसतात."

जाताना केवळाबाई फाटकात थांबली. "पोरगी ऱ्हाऊ द्या. मी महिन्याला येत जाईन. पर एक सांगते अप्पा, बाकीच्या दोघींच्या घरी तुम्ही सोता सांगायचं. पोरींच्या तोंडून न्हाई. त्यांच्या मानसांना बी रडू द्या. मग न्यायचं का ठेवायचं, ते बघतील."

"सांगतो," अप्पा म्हणाले.

सोमवारी त्यांनी फोन हातात घेतला होता. पण चाकूरच्या पोरीची मंगळवारी टेस्ट होती. मग सुमय्याची. मग गणपती आले. उदगीरला आणि चाकूरला अजून सांगायचं राहिलं आहे.